सातव्या वळणावरचा आरसा

"डोंगराला घाई नसते. ज्याला असते, त्याची तो वाट बघत बसतो."

इसोकिची नागुमो हे दिवसातून एकदा तरी म्हणायचे. कोणी कढत चहा घाईने प्यायला तरी म्हणायचे, आणि कोणाच्या मयताला जाऊन आले तरी म्हणायचे. रोज कानावर पडणाऱ्या ओढ्याच्या आवाजासारखं ते झालं होतं. ओढा ऐकतो कोण?

आम्ही त्यांना इसोकाका म्हणायचो. घाटाच्या पायथ्याला बारा घरांची आमची वाडी, आणि त्यातलं सगळ्यांत वरचं घर त्यांचं. चाळीस वर्षं त्यांनी जंगलात कोळशाच्या भट्ट्या लावल्या. हाताच्या रेघांत काजळी इतकी मुरली होती की गरम पाण्यात तासभर बसून आले तरी तळहात काढलेल्या नकाशासारखे दिसायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांची मुलगी मित्सुए, दोघंच. मित्सुए चौतीस वर्षांची, संसार मोडून परत आलेली. घाटापलीकडे गरम झऱ्यावर एक उतारगृह आहे, तिथे ती स्वयंपाकाला होती. पाहुण्यांपुढे सातच्या ठोक्याला भात, आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचं कालवण आणि भाजलेला मासा यायला लागतो. म्हणून ती पहाटे साडेपाचला आपल्या छोट्या स्कूटरवर घाट चढू लागायची.

घाटात सातवं वळण वाईट. खालून मोजलं तर सातवं. आतल्या अंगाला कडा, बाहेरच्या अंगाला दरी, आणि सुरूच्या झाडांसारखी सरळ उंच देवदाराची झाडं इतकी दाट की पलीकडून काय येतंय ते दिसतच नाही. म्हणून बाहेरच्या कडेला नारिंगी खांबावर दोन गोल आरसे लावलेले. एक चढणाऱ्यासाठी, एक उतरणाऱ्यासाठी. कार्तिक सरता सरता आमच्याकडे दहिवर गोठायला लागतं, आणि मग पहाटे ते आरसे म्हाताऱ्याच्या डोळ्यांसारखे पांढरे होतात. इसोकाका मुलीच्या आधी तासभर निघायचे. पाठीवर बांबूची शिडी, हातात किटली. किटलीत राख घालून निवळलेलं कोमट पाणी. दोन्ही आरसे त्या पाण्याने धुवायचे, मग कोरड्या पंचाने चकचकीत पुसायचे. राखेच्या पाण्याने पुसलेल्या काचेवर तासभर बर्फ धरत नाही, हे भट्टीवाल्यालाच माहीत असणार. पंचा खांबाला वाळत टाकून ते घरी यायचे, मुलीला भाताचे दोन गोळे बांधून द्यायचे आणि ती दिसेनाशी होईपर्यंत दारात उभे राहायचे.

आता आमचं सांगतो. आमच्या जपानात सम्राट बदलून तिसरं वर्ष चालू होतं. मी चोवीस वर्षांचा होतो, लाकडाच्या वखारीत कामाला होतो, आणि त्या घाटात गाड्या पळवायचो. आम्ही सहाजण होतो.

शहरातले लोक आमच्याबद्दल काय काय बोलायचे! म्हणे आम्ही गाड्यांच्या किल्ल्या पणाला लावतो. म्हणे आमच्या मागे गुंडांच्या टोळ्या आहेत. म्हणे आमच्यातला एकजण डोळे मिटून घाट उतरतो. खरं असं होतं की आमच्यात दोन गॅरेजवाले, एक शेवयांच्या कारखान्यातला, एक टपाल वाटणारा, हरलेल्याने गरम कॉफीचा डबा पाजायचा एवढीच पैज, आणि तीन पहाटा आड एक पहाट पावसात वाया जायची. पोलीस आले की आम्ही माना खाली घालायचो आणि चार दिवसांनी परत यायचो. गाडी आडवी सरकवायची कला वगैरे म्हणतात. बहुतेक वेळा ती टायर झिजल्यामुळे सरकायची.

पण एक गोष्ट खरी होती. आमच्यातला हिदेहारू कुरिबारा खरोखर वेगवान होता. उतारावर त्याची गाडी पाण्यासारखी जायची. सातव्या वळणावर तो समोरच्याची बाजू कापून थेट कड्याला घासून निघायचा, कारण तसं केलं तर वेग मोडावा लागत नाही. तसं करण्याआधी तो फक्त आरशात बघायचा. आरसा रिकामा, तर रस्ता रिकामा.

आणि अजून एक गोष्ट खोटी होती, आणि ती मी रचली होती.

एका पहाटे मी सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. खांबावर पांढरा पंचा हलत होता आणि वरचे दोन्ही आरसे लखलखत होते. मी इसोकाकांना शिडी घेऊन खाली उतरताना पाहिलं होतं. मला सगळं माहीत होतं. पण वर गेल्यावर मी सांगितलं, की या वळणावर फार वर्षांपूर्वी एक मुलगी गाडीखाली गेली, ती पांढरे कपडे घालून पहाटे येते आणि आरसा पुसते. ज्याला ती जाऊ देणार, त्याच्यासाठीच पुसते. माझी ही पहिली गोष्ट. मी शाळेत कधी निबंधातही पास झालो नव्हतो. सगळे गप्प झालेले पाहून माझी छाती फुगली.

महिन्याभरात ती गोष्ट दोन तालुके फिरून माझ्याकडे परत आली. मुलीला नाव मिळालं होतं. शेजारच्या खोऱ्यातले लोक खांबाच्या बुंध्याशी संत्री ठेवून जायला लागले.

त्या संत्र्यांमुळेच इसोकाका वखारीत आले.

"यासू, त्या खांबाखाली फळं कोण ठेवतं रे?"

मी लाकडाचा भुसा झाडत राहिलो. मग सांगितलं. सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील.

"म्हणजे मी मेलेली मुलगी?"

"तसंच काही नाही काका..."

"लग्नाच्या वयाची तरी केलीस का?" असं म्हणून ते खरंच हसले. पुढचे दोन दात पडलेले. मग हसणं थांबलं. "आणि आरसा पुसलेला असला की ही पोरं काय करतात?"

"जातात."

"कशी जातात?"

मी झाडू भिंतीला टेकवला.

तीन पहाटा ते देवदारांत घोंगडं पांघरून बसले. दोन दिवस आरसे पुसून बसले, एक दिवस न पुसता. तिसऱ्या संध्याकाळी माझ्या दारात आले. उंबऱ्यावर बसले, आत आले नाहीत. वळचणीला माझ्या आईने सोललेली पर्सिमनची फळं वाळत घातली होती, त्यातलं एक हाताने फिरवत राहिले.

"आरसा पांढरा होता, तेव्हा सगळ्याच्या सगळ्या गाड्या वळणाआधी हळू झाल्या," ते म्हणाले. "आपल्या बाजूने गेल्या. आरसा स्वच्छ होता, तेव्हा एकही हळू झाली नाही. सगळ्या मित्सुएच्या बाजूने गेल्या. कड्याला चिकटून. ती तिथूनच चढते."

"ती आरशात दिसते ना काका."

"भाताच्या दाण्याएवढी दिसते. तुझा तो हिदेहारू जेवढ्या वेळात दाणा बघतो, तेवढ्या वेळात दाण्यापाशी पोचतो." त्यांनी पर्सिमन सोडलं, ते दोऱ्यावर उलटं फिरत राहिलं. "चार हिवाळे मी तिच्यासाठी आरसा पुसला. मीच रस्ता झाडून दिला म्हणायचा त्यांना."

"मी सांगतो त्यांना. गोष्ट खोटी आहे म्हणून सांगतो."

"सांग."

मी सांगितलं. त्याच शनिवारी, घाटमाथ्यावरच्या बंद चहाटपरीपाशी. हिदेहारू बॉनेटवर बसून कॉफी पीत होता.

"कोळशेवाला म्हातारा?" तो म्हणाला. "यासू, तुझी पहिली गोष्ट बरी होती. ही भिकार आहे."

सगळे हसले. मीही हसलो. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण हसलो हे खरं.

इसोकाकांनी आरसे पुसणं बंद केलं. पहिल्या आठवड्यात आरसे पांढरे राहिले आणि गाड्या हळू झाल्या. मित्सुए मात्र रोज वळणापाशी उतरायची, कान देऊन ऐकायची, मग स्कूटर ढकलत पलीकडे न्यायची. चारदा तिला उशीर झाला. मालकीण बोलली.

दुसऱ्या आठवड्यात हिदेहारू म्हणाला, "बाई रुसली आहे. तिचं काम आपण करू." आणि ओल्या फडक्याने त्याने स्वतः आरसा पुसला. एकच. उतरणाऱ्याचा. चढणाऱ्याच्या आरशाकडे त्याचं लक्षही गेलं नाही, आणि आमच्यातल्या कोणाचंही गेलं नाही. त्याने खांबाला नमस्कारही केला. थट्टेत केला की मनापासून, मला कळलं नाही.

पण साध्या पाण्याने पुसलेली काच थंडीत किती वेळ टिकते? दहा मिनिटं. आधी ती स्वच्छ दिसते. मग तिच्यावर साईसारखा पातळ पापुद्रा धरतो. पहाटेच्या राखाडी उजेडात तो पापुद्रा रिकाम्या रस्त्यासारखाच दिसतो. दहिवराने पांढरा झालेला आरसा निदान 'मला दिसत नाही' म्हणून सांगतो. हा आरसा 'रस्त्यात काहीच नाही' असं सांगायचा.

त्या दिवशी राखणीला मी होतो. आमचा रिवाज असा की सातव्या वळणाच्या वरच्या अंगाला एकाने वॉकीटॉकी घेऊन उभं राहायचं आणि आरशात बघून वरच्यांना सांगायचं. तिथून खालचा रस्ता दिसत नाही, झाडं आड येतात. आरसा तेवढा दिसतो. मी पायांवर पाय घासत उभा होतो. हवा अशी की श्वास घेतला की नाकात टोचावं. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

"यासू, खाली कसं?" हिदेहारूचा आवाज.

मी आरशात पाहिलं. राखाडी, रिकामा.

"मोकळं."

वर इंजिन चढलं. मला त्याची वळणं पाठ होती. अकरावं. दहावं. टायर किंचाळले, थांबले, परत किंचाळले.

आणि तेव्हा कड्याच्या आडून, ज्या रस्त्यावर आरशाने कोणी नाही म्हटलं होतं त्या रस्त्यावरून, इसोकाका चालत वर आले. मधोमध. गळ्यात पांढरा पंचा, हातात कंदील. त्यांच्या मागे दहा पावलांवर मित्सुएची स्कूटर, माणसाच्या चालीने. तिचा छोटा दिवा त्यांच्या पाठीवर पडला होता.

नववं वळण. टायर किंचाळले.

मी बटण दाबलं आणि ओरडलो. काय ओरडलो ते आजही नीट सांगता येत नाही. माणूस, माणूस, असं काहीतरी. इसोकाकांनी माझ्याकडे वर पाहिलं. बाजूला झाले नाहीत. झाले असते तर मागे मित्सुए होती.

आठवं.

मग प्रकाश आला, सगळी झाडं एकदम पांढरी झाली, आणि गोठलेल्या रस्त्यावर चाकं अडकल्याचा तो आवाज आला. लांब, संपता संपेना असा. गाडी अर्धी वळली, तशीच सरकत आली आणि थांबली. मी धावत उतरलो तेव्हा इसोकाका आणि गाडीचं नाक यांच्यामध्ये एक किटली ठेवता आली असती.

हिदेहारूने काच खाली केली. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"आरशात कोणी नव्हतं," तो म्हणाला. "काका, आईची शपथ, आरशात कोणी नव्हतं."

"नसणारच," इसोकाका म्हणाले. "साध्या पाण्याने पुसलास."

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"केवढं तापलंय."

मला वाटलं आता ते ओरडतील. मारतील तरी. ते मागे वळून मित्सुएला म्हणाले, "चल. भात लावायला उशीर होईल." तिने मान हलवली. तिचे दोन्ही हात हँडलवर होते आणि ते सुटत नव्हते. एक बोट, मग दुसरं, असे तिने ते सैल केले.

"रोज येणार तुम्ही?" मी विचारलं. "असं? पुढे चालत?"

"उतारगृह रोज उघडं असतं," ते म्हणाले.

"पण काका, सगळेच आमच्या गटातले नाहीत. पलीकडच्या खोऱ्यातले येतात. त्यांना माहीत नाही."

त्यांनी कंदील दुसऱ्या हातात घेतला आणि पंचा गळ्याभोवती नीट केला.

"डोंगराला घाई नसते," ते म्हणाले. पुढचं वाक्य बोलले नाहीत. पहिल्यांदाच.

ते निघाले. घाईही नाही, रेंगाळणंही नाही. भट्टीकडे जाताना चालायचे तशीच चाल. मागे ती छोटी स्कूटर. हिदेहारू गाडीतून उतरून माझ्याशेजारी उभा राहिला.

माझ्या हातातल्या वॉकीटॉकीतून खरखर आली. माथ्यावरून कोणीतरी विचारत होतं, आवाज ओळखीचा नव्हता.

"ए, खाली मोकळं झालं का? आम्ही चौघं आहोत. सुटू का?"

"नाही," मी म्हणालो. "रस्त्यात माणूस आहे."

"किती वेळ?"

आम्ही दोघंही वर बघत होतो. पांढरा पंचा आठव्या वळणाकडे जात होता, झाडांत दिसत होता, नाहीसा होत होता, परत दिसत होता.

"ते चालतायत," मी म्हणालो.

वरची इंजिनं बंद झाली नाहीत.