टाकीतली गाळी

माझी मोटरसायकल सुरू व्हायची, हीच खरी अडचण होती. अजिबात सुरू झाली नसती तर तिचा नाद तरी सोडला असता. पण ती पहिल्या किकला सुरू व्हायची, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या गाडीपर्यंत नीट जायची आणि तिथं दम लागल्यासारखी बंद पडायची. मग किक मारून पोटरी दुखली तरी हूं की चूं नाही.

मी परभणीकडचा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. इकडं तिकडं हातपाय मारून शेवटी बंगळुरात, महादेवपुऱ्याच्या एका कॅंटीनमध्ये लागलो. काम पहाटेचं, राहणं इंदिरानगरच्या मागच्या गल्लीत, आणि त्या वेळेला बस मिळत नाही. म्हणून काकांची जुनी मोटरसायकल गावाहून रेल्वेनं मागवून घेतली. तिनंच त्या आठवड्यात मला वरचेवर उशीर केला. शनिवारी मोठा आचारी हिंदीत म्हणाला, सोमवारी इडली वाफेवर चढायच्या आत दिसला नाहीस तर पुन्हा दिसूच नको. असलं वाक्य कुठल्याही भाषेत कळतं. ही नोकरी गेली असती तर गावाकडं माझ्यासाठी काही वाट बघत नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी अंगणात घेऊन बसलो. भ्यायलेला माणूस सगळं एकदम करायला जातो. मी प्लग काढून पॉलिश पेपरनं घासला, चोक ओढला, पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर केला, झाकण उघडून पेट्रोल आहे का पाहिलं. किक मारली, सुरू. कोपऱ्यावर गेलो, बंद. ढकलत परत आलो. पुन्हा तेच.

वर गॅलरीत अक्का अवरेकाईच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. अक्का म्हणजे घराच्या मालकीण. गच्चीवरची खोली त्यांनीच मला दिली होती, आणि तीही मी मराठी बोलतो एवढ्या एका ओळखीवर. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं. घरात मराठीच, पण कन्नड मिसळलेली. नव्या गावात पहिल्या दिवशी त्यांनी मला ‘स्वल्प बैस, कॉफी घे’ म्हटलं होतं, तेव्हा जीव भांड्यात पडला होता. पंख्यांच्या एका कारखान्यात, बिघडून परत आलेले पंखे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती.

“टाकीत गाळी जाईना रे अप्पा,” त्या वरून म्हणाल्या. “बाकी काही नाही.”

मला वाटलं, खरंच की. जुनी टाकी, तळाशी गाळ असणारच. मी नळी काढली, सगळं पेट्रोल बादलीत उतरवलं, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर कणसुद्धा नाही. तरी टाकी खळबळून घेतली, पेट्रोल परत भरलं, झाकण उघडंच ठेवून किक मारली. गाडी सुरू झाली आणि बराच वेळ चालू राहिली.

“अक्का, गेला,” मी ओरडलो.

“गेली ना? सरी, बरं झालं,” त्या म्हणाल्या.

झाकण लावलं, कोपऱ्यावर गेलो आणि बंद. इस्त्रीवाला म्हणाला, “रोज इथंच का आणतोस? हिला पण इस्त्री करून देऊ?”

परत आलो तेव्हा माझा चेहरा बघून अक्का खाली आल्या. शेंगांचं ताट मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. त्यांनी गाडीला हातही लावला नाही.

“आता मला तू काय काय केलंस ते सांग. काय झालं असेल ते सांगू नको,” त्या म्हणाल्या.

मी सांगत गेलो. प्रत्येक वेळी त्या एवढंच विचारायच्या, “आणि झाकण?” उघडलं होतं. मग सुरू झाली? झाली. झाकण लावून गेलास? गेलो. मग बंद? बंद. कुणी मला इतक्या सबुरीनं काही विचारतं आहे, हे शाळेतही कधी घडलं नव्हतं. मी घाबरून उत्तर बदलायला लागलो की त्या हात वर करून थांबवायच्या.

“झाकण उघडताना सुस् वाजतं. मला वर ऐकू येतं. तुला नाही?”

“पण अक्का, गाळ तर सगळा काढला मी.”

“गाळ कुठला? गाळी म्हटलं मी. गाळी म्हणजे वारं. तुमच्याकडं काय म्हणतात?”

“हवा.”

त्या इतक्या हसल्या की मांडीवरची शेंगांची टरफलं सांडली. “म्हणून धोतर काढलंस होय. आमचे पूर्वज इथं घोड्यावरून आले. घोड्याला झाकणबिकण नव्हतं, म्हणून हे शब्द मराठीत शिकायचे राहिले बघ.”

मग आत जाऊन त्यांनी तेलाचा डबा आणला. त्याला समोरासमोर दोन भोकं होती. एका भोकावर बोट ठेवून डबा वाकडा केला. तेल थोडं ठिबकलं आणि थांबलं. बोट उचललं, धार लागली.

मी झाकण उलटं करून पाहिलं. वरच्या गॅलरीतल्या ओल्या कपड्यांचं पाणी टाकीवर ठिबकतं, ते पेट्रोलमध्ये जाईल या धास्तीनं मीच आदल्या आठवड्यात जाड प्लास्टिकची चकती कापून आत घट्ट बसवली होती. हवेचं बारीक भोक तिच्याखाली गेलं होतं. मी ते अक्कांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत की हसल्या नाहीत. “पाण्याची काळजी बरोबर होती,” म्हणाल्या. “कपडे उद्यापासून मागं वाळत घालते.”

चकती काढली. इस्त्रीवाल्याला ओलांडून मोठ्या रस्त्याला लागलो, तिथून पूल, पुलावरून परत.

सोमवारी पोचलो तेव्हा आचारी पिठाच्या पातेल्याचं झाकण काढत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, “पीठ ढवळ.” मी ढवळलं. वाफेला इडल्या लागल्यावर बाहेर येऊन अक्कांना फोन केला.

“काय रे, बंद पडली?”

“नाही अक्का. पोचलो.”

“मग फोन कशाला? काम कर जा,” त्या म्हणाल्या. पण पहिल्याच घंटीला उचलला होता त्यांनी.