बैलावर बसणारी मशीन

रूपसिंगला या जगात एका गोष्टीची भारी शिसारी होती. ती म्हणजे दिग्रसच्या एका जिनिंग मिलचं फाटक. आठ वर्षं तो त्या फाटकातून आत गेला, अन् आठ वर्षांत फोरमनच्या तोंडून त्याचं नाव काही निघालं नाही. "ए तांडेवाल्या!" बस, एवढंच. तिथल्या जलाल मिस्त्रीनं मात्र त्याला हाताला धरून लोखंड जोडायला शिकवलं. एकसष्टच्या उन्हाळ्यात फोरमननं सगळ्यांदेखत त्याचा भाकरीचा डबा लाथेनं उडवला, तेव्हा रूपसिंगनं जोडकामाचा काळा चष्मा काढून ठेवला अन् चालू लागला.

"येशील नाक घासत!" फोरमन मागून ओरडला.

रूपसिंग फाटकाबाहेर पचकन थुंकला. मेलो तरी इथं पाय ठेवणार नाही, म्हणाला.

त्याच्या बंजारा तांड्यात कामाला काय तोटा? वखराची पास मोडली, बैलबंडीचा आख तुटला, कढईचा कान निघाला, की माणूस दिग्रसला पळायचा अन् दोन दिवस शेत खोळंबायचं. घरीच जोडायची मशीन ठेवली तर पोट भरेल अन् मानही राहील, असा त्याचा साधा हिशेब. यवतमाळच्या दुकानात दोन मशिनी होत्या. एक गॅसची, एक विजेची. जलाल मिस्त्रीनं आधीच बजावलं होतं, "बेटा, तुम्हारे तांडे में बिजली है क्या? नहीं ना? फिर आँख मूँदके गॅसवाली उठाना."

पण तांड्याचा रिवाज असा, की मोठी वस्तू घ्यायची तर आधी नायकानं तिला हात लावायचा. नायक म्हणजे डोंगरसिंग, रूपसिंगचा चुलता. त्याची उमर लदेणीत गेलेली, म्हणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी लादून मुलूख तुडवण्यात. तो पागोटं बांधून एस.टी.त बसला अन् दुकानात आला. मशीन करते काय, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. गॅसची जाडजूड टाकी हलवून पाहिली, कार्बाइडचा हलका डबा उचलून पाहिला, अन् मान झटकली.

"हे बैलावर कसं लादशील रे? एकीकून जड, एकीकून हलकं. बैलाची पाठ सोलून निघंल."

"काका, बंडीत टाकून नेऊ न."

"बंडीले रस्ता लागते. नाल्यातून बंडी जाते काय? बैल जाते."

दुकानदार लबाड. त्यानं लगेच विजेची मशीन पुढं ओढली. "नायकसाहेब, हे पाहा. इकडं मशीन, तिकडं तारा अन् सळयांची पेटी. दोन्ही बाजू सारख्या!" अन् खरोखर काट्यावर चढवून दाखवलं. काटा हलला नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं हो, पाणी!

"पण काका, तांड्यात वीज..."

"होळीपर्यंत खांब येतात," दुकानदार म्हणाला.

नायकानं विजेच्या मशीनवर पंजा ठेवला. झालं. नायकाचा हात पडला की बाकीच्यांचं तोंड बंद. रूपसिंगला सगळं समजत होतं. ओरडून सांगावं, काका, तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही! पण आपलेच दात अन् आपलेच ओठ. त्यानं पैसे मोजून दिले.

होळी आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. खांब कुठले! याडी, म्हणजे त्याची माय, त्या मशीनवर मिरच्या वाळत घालायची. येणारा-जाणारा विचारायचा, "काय रूपसिंग, अंडे देऊन राह्यली का तुही मशीन?" रूपसिंग दुसऱ्याच्या वावरात रोजानं निंदण करायचा. घरी आला की ती मशीन दिसायची. दुकानदाराची किळस, काकाची किळस, अन् सगळ्यांत जास्त आपल्या बंद तोंडाची. थू असल्या जिनगानीवर!

मग ऐन पेरणीच्या तोंडावर खुद्द नायकाच्याच बंडीचा आख तुटला.

"जोडून दे," नायक दारात येऊन म्हणाला.

"काका, वीज नाही."

"मंग जिथं हाये तिथं ने. मिलमध्ये हाये न?"

"मंग नुसता आख नेतो. जलाल मिस्त्री फाटकाबाहेरूनच घेऊन जोडून देईल."

"घरात मशीन असून परक्याच्या हातचं? काहून? लोक काय म्हणतील मले?"

नायकानं आपला बैल आणला. एका अंगाला मशीन, दुसऱ्या अंगाला पेटी, वरून आख. दोर त्यानं आपल्या हातानं आवळले. सारा तांडा कौतुकानं पाहत होता. रूपसिंग कासरा धरून खाली मान घालून चालत होता. चार कोस.

फाटकात फोरमन पान चघळत उभा होता. त्यानं बैल पाहिला, मशीन पाहिली, अन् पोट धरून हसला. "आला का, तांडेवाल्या? काय पाहिजे?"

"साहेब," रूपसिंग म्हणाला, "थोडी वीज द्या."

"ये आत."

रूपसिंगच्या तोंडात थुंकी जमली होती. ती त्यानं गिळली अन् फाटकातून पाय आत टाकला. मागं डोंगरसिंग नायक बैलाच्या पोटाखालचे दोर चाचपत होता.

"पाह्य रूपसिंग," तो खुशीत म्हणाला, "चार कोस आलो, तिळभर सरकली नाही."