रोह्यातला कर्नलवाला

रोह्यात माझा कंप्युटर क्लास आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, त्यामुळे ‘समजलं नाही’ असं मी सहसा म्हणत नाही. क्लासवर येणाऱ्या या कर्नलवाल्यापुढे मात्र म्हणालो. विंडोजऐवजी फुकट मिळणाऱ्या एका लिनक्सचं कर्नल, म्हणजे सगळा कंप्युटर हलवणारा गाभा, हा तपासून, बांधून जगभर पाठवतो. पगार नाही. कंपनीतली शिफ्ट सुटली की माझ्या क्लासातल्या जुन्या मशीन्सवर चालवून बघायला येतो. खुर्ची दिली तरी बसत नाही, किल्ल्या वाजवत फेऱ्या मारतो.

परवा नव्या कर्नलवर सगळी मशीन सुरू झाली, फक्त कोपऱ्यातल्या एकाचा पडदा काळाच राहिला.

“सोडा हो, बाकीची चालली ना!”

“नाय सर. असला डबा अजून कुनाकडं तरी असंल.”

“मग पाठवू नका.”

“कसा नको? कंप्युटरात चोर घुसायची वाट या नव्यातच बुजवलीय.”

शेवटी त्याने त्या मशीनला नडणारा दुसराच एक बदल शोधला आणि तेवढा काढून टाकला. ते मशीनही उजळलं. कर्नल जगभर रवाना झालं. फेऱ्या चालूच.

“बसा आता. तक्रार आली तर बघू.”

“आली तर बरा हाय,” तो म्हणाला. “ज्याचा कंप्युटरच सुरू होनार नाय, तो कळवनार कशानं?”