पाण्यात न गेलेली गाडी

टू-व्हीलरच्या शोरूममध्ये वॉरंटीच्या काऊंटरवर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. किस्से आपल्या पायांनी चालत येतात, आणि बरेचदा गाडी ढकलत येतात!

गोंदियात मी हे काम नऊ वर्षांपासून करतो. लग्नाच्या पंगतीत, चहाच्या टपरीवर मित्र म्हणतात, "बोपचे, सुनाव ना यार एखादा!" मी सुनावतो. लोक हसतात, मीही हसतो. फक्त एका माणसाचे किस्से असे आहेत की सांगता सांगता मलाच कसंतरी होतं. आजवर ते मी सुटे सुटे सांगितले. आज सगळे सलग सांगतो.

*

आधी धंद्यातली गोम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वॉरंटीत पार्ट खराब निघाला तर कंपनी फुकट बदलून देते. गाडी पाण्यात बुडाली असेल तर देत नाही. आणि आमचा जिल्हा पडला धानाचा! शेताच्या बांधीत पाणी, रस्त्यावर पाणी, तलावाच्या पाळीवरून पाणी.

आमचे मॅनेजर तिवारीजी. त्यांनी पहिल्याच दिवशी मला मंत्र दिला, "बोपचे, गोंदिया में किसकी गाड़ी पानी में नहीं जाती? ज़्यादा क्लेम भेजो तो कंपनी हमसे ही सवाल करती है. सीधा पानी लिख दो!"

मी लिहू लागलो. हॉर्न वाजत नाही? पाणी. सेल्फ लागत नाही? पाणी. विमानतळ आहे त्या बिरसीचा एक जण मीटर बंद पडलं म्हणून आला. त्यालाही मी पाणीच सांगितलं. तो भडकला, "आमच्या गावात इमान उतरते साहेब! एवढं पानी असते त इमानाच्या जागी नाव उतरली असती!"

अख्खं शोरूम हसलं. त्याच्या कागदावरचं पाणी मात्र कुणी खोडलं नाही.

*

मेश्रामकाका दवनीवाड्याचे टेलर. गाडी चार महिन्यांची. तक्रार अशी की चालता चालता तापली की गाडी गपकन बंद पडते, आणि पाच-दहा मिनिटं थंड झाली की आपोआप सुरू होते. दोष फ्युएल पंपाचा, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पुरवतो त्या पंपाचा. आमचा मेकॅनिक पटले याने तो काकांच्या समोरच काढून माझ्या हातात दिला. मी उलटापालटा करून पाहिला. गंजाचा एक ठिपका नाही, ओल नाही.

पटले हळूच म्हणाला, "भाऊ, ह्या लॉटमधला हा पाचवा. पंपच फॉल्टी येऊन राहिले."

ते मलाही ठाऊक होतं.

काका म्हणाले, "लवकर करा जी साहेब. पोट्टीची पोलीस भरती हाय. रोज पहाटे गोंदियाच्या ग्राउंडवर आनून राहिलो तिले, पळाची प्रॅक्टिस कराले. लागली त तिची वर्दी मी सोता शिवनार! कापडाचं दुकानबी पाहून ठेवलं."

मी म्हटलं, "होऊन जाईल काका." आणि रकान्यात लिहिलं, 'पाणी गेले.'

सोबत फोटो पाठवावा लागतो. त्यासाठी माझ्या मोबाइलमध्ये एक ठेवणीतला फोटो होता. पुरात सापडलेल्या कुठल्याशा गाडीचा पंप, लालभडक गंजलेला. पंपाच्या प्रत्येक क्लेमला तोच जायचा. काकांच्या नावावरही तोच गेला, आणि त्यांचा खराब पंप पटलेनं परत त्यांच्याच टाकीत बसवला.

*

क्लेम नामंजूर झाला. काका आले आणि म्हणाले, "साहेब, पानी गेलं म्हनता, पन गेलं कवा?"

"काका, ते कळत नाही. नकळत जातं."

"असं का?" म्हणून ते शांतपणे निघून गेले. मला वाटलं, मिटलं.

आठवड्यानं ते ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन हजर! 'दाखला देण्यात येतो की, अर्जदार यांची मोटारसायकल आजपावेतो कोणत्याही पाण्यात गेलेली नाही, असे आमचे पाहण्यात आहे.' खाली सरपंचाची सही, वर गोल शिक्का!

तिवारीजींनी दाखला मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "सरपंच टंकी के अंदर बैठता है क्या?"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकाही थोडे हसले. मग त्यांनी तो दाखला चुरगळू नये अशा बेतानं घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. हा किस्सा मी कमीत कमी पन्नास ठिकाणी सांगितला असेल. पिशवीचं कधी सांगितलं नाही.

*

भरतीच्या दिवशी दुपारी काका गाडी ढकलत आले. मी विचारलं, "काय झालं काका? भरती कशी झाली?"

"रस्त्यातच बंद पडली जी गाडी. आज थंडी होऊनबी चालू होईना. गोंदिया सहा किलोमीटर राह्यलं होतं. पोट्टी म्हने, बाबा, मी थांबत नाही. अन् सुटली तशीच पळत! बरोबर टायमावर पोचली. लय पळते जी माही प्रणाली!"

"वा! मग?"

"मंग तिथं तिले पळाले लावलं."

माझ्या तोंडून हसू निसटलं. खरंच निसटलं. काका माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आठशे मीटर होतं. पायात दमच नाही राह्यला तिच्या. थोडक्यात हुकली."

मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. समोरचे कागद मी उगाच सरळ केले, पुन्हा वाकडे केले. काका दोन शिव्या देते तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "पुढच्या भरतीलेबी वयात बसते. तवापर्यंत तेवढा पंप पाहा ना साहेब."

मी पुन्हा म्हटलं, "पाहतो काका." आणि घरी गेलो. बायकोला सांगितलं की आज डोकं दुखतंय.

*

पुढे नागपूरहून कंपनीचा माणूस तपासणीला आला. लॅपटॉपवर आमचे नामंजूर क्लेम एकेक करून पाहत बसला होता. मधेच थांबला. परत मागे गेला. चष्मा पुसला.

"तिवारीजी, ये पंप तो मैं पहचानता हूँ! ग्यारह गाड़ियों में यही लगा है!"

तिवारीजी माझ्याकडे पाहू लागले, मी छताकडे. त्या अकरांत मेश्रामकाकांची फाईल वरच होती. खरं सांगायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी समोसे मागवले.

तो माणूसही आमच्यातलाच निघाला. समोसा खाल्ला, "ज़रा ध्यान रखो भाई" म्हणाला आणि गाडीत बसून गेला. त्याची गाडी गेटाबाहेर पडली तसे तिवारीजी माझ्यावर कडाडले. मला वाटलं, आता खोट्या फोटोबद्दल ऐकावं लागणार.

"बोपचे, इतनी भी अक्ल नहीं? कम से कम चार-पाँच पंप के फोटो रखा कर!"

त्याच दुपारी मी भंगारातून पाच गंजके पंप निवडले आणि सगळ्या बाजूंनी त्यांचे फोटो काढले. पटलेला म्हटलं, "जरा उजेडात धर." त्यानं धरले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

*

शेवटी काकांनी ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील दिला नाही, अर्ज हातानं लिहिला होता. आमच्या बाजूनं वकील, तिवारीजी आणि मी.

आमच्या वकिलानं तो लालभडक फोटो पुढे केला. काकांनी तो जवळून पाहिला, लांबून पाहिला. "हा माहा पंप नोहे जी."

समोर बसलेल्या मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडे काही पुरावा आहे? कोणी साक्षीदार?"

"हाय ना मॅडम!" काकांचा चेहरा खुलला. त्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "हे बोपचे साहेब. माह्यासमोर पंप यायच्याच हातात होता. कोरडा होता. इचारा यायले!"

आमचा वकील उठून काहीतरी बोलला. मॅडमनी त्याला बसवलं आणि मला विचारलं, "पंप कोरडा होता का?"

तिवारीजी माझ्याच बाजूला बसले होते. मला घरचं सगळं आठवलं, नोकरी आठवली, तो पंप आठवला.

मी म्हटलं, "मॅडम, मला आठवत नाही."

मग मेश्रामकाकाच पुढे झाले.

"राहू द्या मॅडम. दिवसाचे किती पंप पाहतेत ते. त्यायले एकाचंच कायले आठवन?"

पुढची तारीख मिळाली. तिवारीजी वकिलाला गाडीत घालून जेवायला निघून गेले. मी फाटकाशी ऑटोची वाट पाहत उभा राहिलो. ऑटो येईना. तेवढ्यात काकांची गाडी माझ्यापुढे येऊन थांबली.

"शोरूमले जाता ना? बसा साहेब, त्याच रस्त्यानं जाऊन राहिलो."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. बसलो. भर बाजारात, दुकानांसमोर गाडी गचके देऊन बंद पडली. मागून हॉर्न वाजू लागले. काका पटकन उतरले. मी उतरायला पाय उचलला तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"तुमी काऊन उतरता? इस्त्रीचे कपडे हायेत तुमचे. समोर सरका अन् हँडल धरा फक्त. ढकलाची मले आदत हाय."

ते मागे गेले आणि ढकलू लागले. मी हँडल धरलं.