गार इंजिनाचे भूपालअण्णा

भूपालअण्णा कुणाच्याही गाडीजवळ गेले की आधी बॉनेटवर तळहात ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग निकाल देत. "गरम हाय. हिला आता इचारून उपेग न्हाय. उद्या सकाळी या." आलेला माणूस गाडी चालवतच आलेला असे, त्यामुळे ती गरमच असणार. उद्याही तो चालवतच येणार, हे कुणी लक्षात आणून दिले तर म्हणत, "मग मी तुझ्या दारात येतो. तू फकस्त किल्ली फिरवू नगंस."

शेतीच्या इंजिनांच्या सुट्या भागांचे दुकान त्यांनी अनेक वर्षे चालवले आणि वय झाल्यावर बंद केले. गंगावेशीजवळच्या आमच्या गल्लीत त्यांचे घर माझ्या घरासमोर होते. दारात पत्र्याच्या शेडखाली त्यांची जुनी पेट्रोल गाडी उभी असे. त्यांच्या पत्नी पद्माक्का रोज पहाटे चालत बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जात. तिथला अभिषेक पाहिल्याशिवाय त्या चहा घेत नसत. त्यांच्या मांडीचे हाड मोडले आणि चालत जाणे संपले. रिक्षाच्या पायरीवर पाय चढत नसे. अण्णांच्या गाडीची सीट खाली होती, दार रुंद होते, म्हणून अण्णा त्यांना गाडीने नेऊ लागले. अडचण एकच होती. थंडी पडली की गाडी पहाटे चालू होत नसे. ऊन वर आले की पहिल्या किल्लीला चालू होई. तोवर बस्तीतला अभिषेक उरकलेला असे.

धक्का मारून गाडी चालू करणे अण्णांना मान्य नव्हते. "धक्क्यानं चालू झाली म्हंजे दुखणं दडलं. बरं न्हाय झालं," असे त्यांचे म्हणणे. ते चूक नव्हते, पण राहायचे कोल्हापुरात. आमच्या कोपऱ्यावर पहाटे म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून दुधाचा ग्लास हातात मिळतो आणि तालमीतून परतणारी माणसे तिथे थांबतात. बंद गाडी दिसली आणि ती ढकलली नाही, असे या माणसांच्या हातून होत नाही.

डिसेंबरातली एक सकाळ आठवते. पद्माक्का मागच्या सीटवर शाल पांघरून बसल्या होत्या. किल्ली फिरवल्यावर इंजिन नुसते घरघरले. अण्णा उतरून बॉनेट उघडायला गेले, तेवढ्यात दुधाचे ग्लास ठेवून चार-पाच जण आले.

"अण्णा, आत बसा. दुसरा गिअर टाका."

"हात लावू नका! मला बघायचंय ही का धरंना ते."

"ते मागनं बघा की. आक्कांचा टाइम हुतोय."

"आरं, एकदा चालू झाली की गरम हुतीया. मग उद्यापतूर काय कळत न्हाय!"

"ढकला रं. अण्णा लाजाल्यात."

आतून पद्माक्कांचा आवाज आला, "ढकला बाबांनो. ह्यांचं काय ऐकू नका."

गाडी हलली. अण्णांना पळत जाऊन स्टिअरिंग धरावे लागले. कोपऱ्यावर इंजिन धरले आणि सगळ्यांनी आरोळी ठोकली. आक्कांना त्या दिवशी अभिषेक मिळाला. परतल्यावर अण्णांनी बॉनेटवर तळहात ठेवला. मला पाहून एवढेच म्हणाले, "आजची थंडी वाया गेली."

त्यांनी गाडी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रीकडे मुक्कामाला ठेवली. तिथे ती रोज सकाळी तक्रार न करता चालू झाली. मेस्त्रीने तरीही प्लग बदलले, बॅटरी बदलली, कार्ब्युरेटर साफ केला आणि सांगितले, "अण्णा, गाडीत काय न्हाय. गाडीचं वय हाय." घरी आणली त्याच्या दुसऱ्या सकाळी गाडी बंद. अण्णा तडक गॅरेजवर गेले. गाडी जिथे उभी केली होती, त्या भिंतीला त्यांनी हात लावला. भिंतीपलीकडे फौंड्री होती. भट्टीने भिंत रात्रभर कोमट राहत होती.

"भट्टीला टेकवून ठेवल्यावर गाडी गार कशी हुईल रं?"

"मग काय आइस फॅक्टरीत ठेवू?" मेस्त्री वैतागून म्हणाला.

"आणि तीन गोष्टी एकदम केल्यास. त्यातली बिघडल्याली कंची हुती?"

"एक बी न्हाय वाटतं. गाडी अजून बंदच हाय न्हवं!"

कोल्हापूरची थंडी निदानाला पुरत नाही, ही अण्णांची कायमची तक्रार. दिवसाला एकच संधी, तीही पहाटे. एक दिवस धक्का बसे, एक दिवस ढग येऊन उबारा होई, एक दिवस पाहुणे येत. तेवढ्यात थंडी सरे. पावसाळ्यात गल्लीत पुराचे पाणी यायची भीती, म्हणून गाडी मुलीच्या घरी उंचावर झाकून ठेवलेली असे. म्हणजे प्रश्न थेट पुढच्या थंडीवर.

मुलगी नवी गाडी घेऊन द्यायला तयार होती. शेडमध्ये जागा एकाच गाडीची, म्हणून जुनी आधी विकायची. कबनूरचे एक यंत्रमागवाले भर उन्हाळ्यात पाहायला आले. किल्ली फिरवताच इंजिन चालू झाले. त्यांनी खिशात हात घातला.

"थांबा पावणं," अण्णा म्हणाले. "थंडीत ही चालू हुत न्हाय."

"का?"

"त्येच म्हाईत न्हाय. म्हणून इकता येत न्हाय."

"अण्णा, मला चालती की. जुनी गाडी हाय, थोडं चालायचंच."

"तुम्हाला चालंल. मला न्हाय चालत. दोष सांगून इकीन, पण दोष कळाय तर पायजे."

पाहुणे चहा पिऊन परत गेले. दारात उभ्या असलेल्या पद्माक्का म्हणाल्या, "ह्यांचा खरेपणा आणि माझं मोडकं हाड. दोन्ही ह्या घरातच राहणार."

दोष सापडला तो तिसऱ्या थंडीत. अण्णा आत बसून किल्ली फिरवत होते. उघड्या बॉनेटवर टॉर्च धरायचे काम आक्कांकडे होते. काठी टेकून उभ्या राहून त्या कंटाळल्या. "मी काय खांब हाय व्हय?" म्हणत त्यांनी टॉर्च विझवला. अण्णांनी अंधारातच पुन्हा किल्ली फिरवली.

"अहो, हितं काजवं चमकायल्यात."

अण्णा धावत आले. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागावर एक काळे झाकण असते, त्याला टोपी म्हणतात. तिच्यावरून निळ्या ठिणग्या सरपटत होत्या. टोपीला केसाएवढी चीर होती. पहाटेच्या गारव्यात चिरेत ओल धरे आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाहेरच फुटे. ऊन आले की ओल वाळे. तीन थंड्या अण्णांनी टॉर्चच्या उजेडात शोधले, म्हणून ती ठिणगी दिसली नव्हती. त्याच दिवशी नवी टोपी बसली. दुसऱ्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत, इंजिन पहिल्या किल्लीला धरले. अण्णांनी लगेच बंद केले आणि कबनूरला फोन लावला.

मागवाले दुपारी आले. आठ दिवसांनी नेतो, म्हणाले. अण्णा ऐकेनात. "आज हिच्यात दोष न्हाय, हे मला म्हाईत हाय. उद्याचं न्हाय. आजच न्या." जुनी टोपीही त्यांनी पाहुण्यांच्या हातात दिली आणि चीर कुठे आहे ते दाखवले.

नवी गाडी पाडव्याला आणायचे ठरले. त्याच्या आतच अण्णा झोपेत गेले.

भेटायला आलेल्यांत कबनूरचे मागवालेही होते. "असा खरा माणूस बघितला न्हाय," ते सांगत होते. "नको म्हटलं तरी फुटकी टोपी हातात दिली." बसलेल्यांनी माना डोलावल्या.

पद्माक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. "तुमास्नी सगळं खरं सांगितलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "मी तीन थंड्या त्या मागच्या सीटवर बसलो. चालू झाली त्या दिवशी शाल घेऊन दारात उभा हुतो. म्हटलं, आता न्या बस्तीला. तर म्हणाले, नगं, वाटंत दुसरं काय तरी निघंल. एक सकाळ न्यायचं हुतं. तुम्ही काय नाव ठेवलं असतं का, पावणं?"