ट्रॉयकर बिनगाडीच्या गावात

अमेरिकेतल्या ट्रॉयच्या आमच्या मराठी कंपूत घरोघरचे पदार्थ आणून पॉटलक असलं की जेवणापेक्षा किस्सेच जास्त उरतात. ऐंशीच्या दशकात भारतात जाताना आम्ही वाटेत तीन दिवस व्हेनिसला थांबलो होतो, तिथले तर अजून पुरताहेत! आम्ही दोघं, आणि वयानं मोठे म्हणून सगळ्या कंपूचेच काका-काकू झालेले वसंतकाका नि सुमनकाकू. बरोबर त्यांची मीनल.

काका मोटारींच्या कंपनीत ब्रेकचे इंजिनियर. काकूंना ड्रायव्हिंग शिकवायला स्वतःच शेजारी बसले आणि दर कोपऱ्यावर "ब्रेक! ब्रेक!" ओरडत राहिले. काकूंनी शिकणंच सोडून दिलं. मग भाजी आणायलासुद्धा आमच्यापैकी कुणाला तरी "राइड देशील का गं?" असं विचारावं लागे, आणि विचारताना त्यांचा आवाज बारीक होई. मला फार वाईट वाटायचं.

*

मिलानला उतरल्याबरोबर काकांनी गाडी रेंट केली. "गाडी नाही म्हणजे पाय नाहीत!"

व्हेनिसच्या तोंडाशी एका भल्यामोठ्या गराजपाशी रस्ताच संपला. गाडी इथेच ठेवायची, पुढे नुसतं पाणी!

काका पाण्याकडे बघत म्हणाले, "मग ही माणसं ऑफिसला जातात कशी?"

"बोटनं, डॅड! इट्स ॲन आयलंड!" मीनल म्हणाली.

*

तिथे बससारखी थांब्याथांब्यावर लागणारी बोट असते. तिला ब्रेक कुठे, हे काकांना पाहायचं होतं. भाषा येईना, म्हणून त्यांनी नावाड्यासमोर हवेतच पाय दाबून दाखवला. तो हसला, दांडा मागे ओढला. इंजिन उलटं फिरलं, बोट थरथरली आणि धक्क्याला अलगद टेकली.

"ब्रेकच नाही, यार! तरी थांबते!" काका दुपारभर धक्क्यावर उभे राहून बोटी थांबताना बघत होते. चर्च बघायला आम्हीच गेलो.

*

गल्ल्यांत काका नकाशा धरून पुढे, आणि आम्ही तिसऱ्यांदा त्याच पुलावर. काकूंची पद्धत वेगळी. "ती लाल चादर वाळतेय ना, तिथून डावीकडे." बरोबर हॉटेलच्या दारात!

संध्याकाळी मात्र गावानं कपडे आत घेतले. काकूंनाही काही कळेना. तासभर भटकलो.

"बघितलंस? एकटी कुठे जाऊ नकोस," काका काकूंना म्हणाले.

*

निघायच्या दिवशी सकाळी काकू खोलीत नाहीत! काकांचा चेहरा पांढराफटक. "तिला इथली भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही..." आम्ही सगळे धावत धक्क्यावर गेलो.

समोरून बोट आली. सगळ्यात पुढच्या बाकावर, साडीवर स्वेटर आणि पायांत स्नीकर्स घालून काकू बसलेल्या. केस वाऱ्यानं विस्कटलेले. अख्ख्या गावाला फेरी मारून आल्या होत्या.

"अगं, होतीस कुठे? कोण घेऊन गेलं तुला?" काका धक्क्यावरूनच ओरडले.

काकू थोड्या सरकल्या, शेजारची जागा हातानं झटकली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "या, बसा. कुठे सोडू तुम्हाला?"