नाकातलं खोटं हाड

हे आजवर कोणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्याही नाही — आणि त्याला तर मी बाजारात कोण भेटलं तेसुद्धा दोनदा सांगते.

रत्नागिरीत आमच्या कॉलेजात मी जीवशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते. प्रयोगशाळेत एक खरी कवटी आहे, मधोमध कापलेली, नाकाची आतली बाजू दिसावी म्हणून. आत एकाखाली एक तीन हाडं — पापडासारखी पातळ, खाली वळलेली. आत जाणारा श्वास त्यांच्यावरूनच गरम, ओला होऊन जातो. वरची दोन दुसऱ्या हाडाचाच भाग. खालचं तेवढं स्वतंत्र. इथल्या दमट हवेत कवटीला बुरशी धरते, म्हणून गणपतीनंतर ती पुसून उन्हात ठेवायचं काम माझं. एक्क्याऐंशी साली पुसताना हात जड पडला. खालच्या हाडाचा चुराच झाला.

सरळ सांगायचं ना? नाही सांगितलं. नोकरी नवी होती, घाबरले. किनाऱ्यावर समुद्रफेण मिळतं, माकुल माशाच्या पाठीतलं ते पांढरं, हलकं. ते कोरलं, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं केलं, चिकटवलं. एवढी अक्कल चालवली — आणि बसवलं उलटं. वळण वर. सुकल्यावर लक्षात आलं. तोडायचा धीर झाला नाही.

मुलं पुस्तकातलंच चित्र उतरवायची. माझ्या पथ्यावरच पडलं ते.

मग बारावीला सुलभा आली, लांज्याची. ती कवटी बघून काढायची. तिनं वळण वर काढलं. आमचे विभागप्रमुख सर वर्गासमोर तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "सर, तिथं तसंच आहे." सरांनी कवटीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. आणि मी — मी काय म्हणाले?

"नीट बघितलं नसशील गं."

तिनं खोडलं, कागद फाटेपर्यंत. पुढे वर्षभर प्रत्येक चित्राआधी ती विचारायची, मॅडम, असंच आहे ना? स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास मी घालवला. वर मला तिचाच राग यायचा — कशाचा, तर ती बरोबर होती याचा.

या गोष्टीला सहा-सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात लांज्याला माहेरी गेले आणि ताप भरला. दवाखान्यात रक्त तपासायला सुलभाच. डॉक्टर स्लाइड बघून म्हणाले, काही नाही, साधा ताप आहे. ती म्हणाली, "डाव्या कडेला बघा, सर. मला दिसलाय." त्यांनी पुन्हा बघितलं. मलेरियाच होता. पडद्यामागच्या खाटेवर पडल्या पडल्या हे ऐकून मी रडले, पण किती बरं वाटलं म्हणून सांगू. तिचं तिनं परत मिळवलं होतं. त्यात माझा काडीचा हात नाही.

काल ते खोटं हाड काढून टाकलं. सोमवारी सरांना सांगेन. त्याआधी उद्या सकाळच्या एस्टीनं लांज्याला जाते. दवाखान्यात माणसं बसलेली असतानाच बोलणार, कारण तिला खोटं पाडलं तेही चारचौघांतच. ती बोलेल, न बोलेल. मी एवढंच सांगणार आहे — सुलभा, तुझं चित्र बरोबर होतं, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं.